सात ऑक्टा ढग, पण कोणते? बेळगाव जिल्ह्याच्या कृषी हवामान सल्ल्याबाबत खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
मा. सहसंचालक, कृषी विभाग, बेळगाव
जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला तयार करणारे शास्त्रज्ञ
कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र, बंगळूर

विषय: अरबी समुद्रावरील वाळवंटी धूळ, तिच्याखाली वाढणारे ढग आणि सल्ल्यातील ढगांची नोंद

महोदय / महोदया,

दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात पुढच्या पाच दिवसांचा तक्ता असतो. पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा, आणि एका ओळीत ढगांचे आच्छादन, ऑक्टामध्ये. आभाळाचे आठ भाग धरले तर त्यांतले किती झाकले गेले, एवढेच ती ओळ सांगते. पावसाळ्याच्या तोंडावर खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, होऊन गेलेली असते; निपाणी-चिकोडीकडे सोयाबीन, भुईमुगाची घात साधायची असते. त्या ओळीत ७ दिसले, वर आभाळही गच्च दिसले, की शेतकरी पाऊस धरून चालतो. पुढे चार दिवस नुसती भुरभुर होते, बी फुगते, कोंब धरतो, आणि मग उघडीप पडली की तो कोंब मातीतच वाळतो. दुबार पेरणीचे बियाणे, मजुरी आणि गेलेले पंधरा दिवस कोणत्याच तक्त्यात येत नाहीत.

सात ऑक्टा म्हणजे चारशे मीटर जाडीचा ढग असू शकतो आणि बारा किलोमीटर उंच चढलेलाही असू शकतो. तक्त्यात दोघांचा आकडा एकच. वाळवंटातली धूळ समुद्रावर येते तेव्हा यांतला पहिला, बुटका ढग वाढायला अनुकूल हवा तयार होऊ शकते. म्हणून आमचे म्हणणे असे: ढगांच्या आकड्यापुढे ढग खालचा, मधला की वरचा ते लिहा, आणि मे ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावर धुळीचा थर असेल तर त्याची एक वेगळी ओळ द्या. हे का हवे आणि रोजच्या कामात कसे बसेल ते सविस्तर मांडतो, कारण धुळीबद्दल आपल्या भागात दोन्ही टोकांचे बोलले जाते. कुणी म्हणते धूळ आली की पाऊस पळाला, कुणी म्हणते धुळीच्या कणावरच तर ढग धरतो. दोन्ही बोलण्यांत अर्धेच तथ्य आहे.

आधी ही धूळ इतक्या लांब येते कशी ते पाहू. सुक्या, मोकळ्या जमिनीवर वारा सेकंदाला ६-७ मीटरच्या, म्हणजे ताशी २२ ते २५ किलोमीटरच्या पुढे गेला की माती हलू लागते. पण सगळ्यात बारीक धूळ आधी उडत नाही; ती एकमेकांना घट्ट चिकटलेली असते. आधी ०.१ मिलिमीटरच्या आसपासचे वाळूचे कण उड्या घेऊ लागतात, जमिनीवर आदळतात आणि त्या माराने बारीक धूळ सुटी होते. ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण ३ किलोमीटर उंचीवरून चारेक तासांत खाली येतो. १० मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी चार दिवस लागतात. २ मायक्रॉनचा कण शांत हवेत नुसत्या स्वतःच्या वजनाने उतरायचा म्हटला तर शंभरहून अधिक दिवस लागतील. त्याला खाली आणतो तो पाऊसच. ओमानच्या सलालाहपासून बेळगाव सुमारे २,२०० किलोमीटर. पावसाळी वारा सेकंदाला १५ मीटरने वाहत असेल तर हे अंतर चाळीसेक तासांत कापले जाते. म्हणजे तिकडची बारीक धूळ आपल्या आभाळात पोहोचण्यात नवल काही नाही. २०१२ च्या मार्चमध्ये, २०१५ च्या एप्रिलच्या सुरुवातीला आणि २०२२ च्या जानेवारीत पश्चिम भारताने ते डोळ्यांनी पाहिले. २०२२ मध्ये मुंबई-पुण्यात गाड्यांवर पांढुरकी भुकटी बसली होती.

आता समुद्रावर काय होते ते. धुळीत लोहाची ऑक्साइडे असतात, ती सूर्यप्रकाश शोषतात. दाट थर असेल तर तिथली हवा दिवसाला एखाद-दोन अंशांनी तापते. शिवाय ज्या वाळवंटी हवेवर बसून ती धूळ आली, ती हवा मुळातच गरम आणि कोरडी. समुद्राला लागून दमट, तुलनेने थंड हवा आणि तिच्यावर दीड ते चार-पाच किलोमीटरवर हा तापलेला थर, अशी उतरंड झाली की तापमानाची विपरीतता, म्हणजे वर जावे तसे हवा गार न होता गरम होणे, पक्की होते. भांड्यावर झाकण बसावे तशी खालची वाफ खालीच कोंडते. ती वरच्या कोरड्या हवेत मिसळत नाही, ढगाच्या माथ्यावरून सुकवणारी हवा आत शिरत नाही, आणि स्तरराशी, म्हणजे बुटक्या आणि आडव्या पसरणाऱ्या, ढगांची चादर पसरते, जास्त वेळ टिकते. प्रकाश शोषणाऱ्या कणांमुळे हवा तापून ढग बदलण्याच्या या प्रकाराला १९९७ मध्ये जेम्स हान्सेन आणि सहकाऱ्यांनी अर्धप्रत्यक्ष परिणाम असे नाव दिले.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. हीच धूळ ढगाच्या वर नसून ढगाच्याच थरात शिरली तर परिणाम उलटा. ढगातली हवा तापते, सापेक्ष आर्द्रता घसरते आणि ढग विरतो. तेव्हा ‘धूळ आहे’ एवढी माहिती अपुरी. धूळ ढगाच्या वर आहे की ढगात, हे कळल्याशिवाय काहीही बोलू नये. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रह लेझरने हे थर उभ्या छेदात मोजत होता, म्हणून आज आपल्याला त्यांची उंची इतकी नेमकी माहीत आहे.

कणांचा ढगाच्या थेंबांवर होणारा परिणाम हा वेगळा विषय. ढगातला थेंब साधारण १० ते २० मायक्रॉनचा, पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा. असा एक थेंब घडायला दहा लाखांच्या घरात ढगथेंब एकत्र यावे लागतात. तेवढ्याच बाष्पाला जास्त कण मिळाले की थेंब संख्येने वाढतात पण आकाराने लहान राहतात. लहान थेंब एकमेकांवर आदळत नाहीत, पाऊस रेंगाळतो, ढग मात्र जास्त पांढरा दिसतो. वाळवंटी धूळ अशा रीतीने पाऊस दाबते, हे २००१ मध्ये डॅनियल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मोजमापांवरून दाखवले. याच्या उलट, धुळीतले काही मोठे कण मिठाचा किंवा सल्फेटचा लेप घेऊन आले तर तेच लवकर मोठे थेंब धरतात आणि भुरभुर सुरू करतात. कुठला परिणाम वरचढ ठरेल ते कणांचा आकार, लेप आणि ढगाची जाडी यांवर ठरते. त्यामुळे धुळीवरच ढग धरतो म्हणून पाऊस वाढणार, हा हिशेब कागदावरही टिकत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र सगळ्यात मोठा आकडा पाण्याचा आहे. चारशे मीटर जाडीच्या समुद्री स्तरराशी ढगात एका चौरस मीटरच्या उभ्या रकान्यात साधारण १०० ग्रॅम पाणी असते. एका चौरस मीटरवर एक लिटर पडले की एक मिलिमीटर पाऊस. म्हणजे आख्खा ढग पिळून खाली आणला तरी ०.१ मिलिमीटर. खरीप पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरलेला असावा असे कृषी खातेच सांगते. घाटमाथ्यावर वारा सतत नवे बाष्प आणतो आणि डोंगर ते उचलतो, म्हणून जांबोटी, कणकुंबी, आमगावला असाच बुटका ढग दिवसभर रिपरिप देऊ शकतो. बेळगाव शहरात त्याची भुरभुर उरते. गोकाक, रायबाग, अथणी, कागवाडपर्यंत तो पोहोचतो तेव्हा उचल संपलेली असते आणि तिकडच्या लोकांच्या वाट्याला नुसती सावली येते. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी, एकाच ७ ऑक्टाचे हे तीन अर्थ.

धूळ आणि समुद्री ढग यांचा बराचसा अभ्यास अटलांटिकवरचा आहे. सहारातून निघालेला गरम, कोरडा, धुळकट थर पाच ते सात दिवसांत कॅरिबियन बेटांवर पोहोचतो. बार्बाडोसला ही धूळ १९६५ पासून मोजली जाते. जून २०२० मधला लोट तर इतका दाट होता की त्याची चर्चा जगभर झाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्र थंड, त्यावर स्तरराशी ढग, आणि ढगांच्या वरून जाणारी धूळ, अशी तिथली रचना. त्यामुळे धूळ वाढली की खालचे ढग वाढतात हे नाते तिथे नीट पाहता येते. जगातल्या समुद्रांचा सरासरी २३ टक्के भाग स्तरराशी ढगांखाली असतो, आणि हे ढग सूर्यप्रकाश मागे फेकून समुद्र गार ठेवतात. म्हणून हवामान बदलाच्या अभ्यासात या नात्याला मोठे वजन आहे. एक अडचण तिथेही सुटायची आहे: धूळ आणि तिला वाहून आणणारी गरम कोरडी हवा नेहमी एकत्रच येतात, मग ढगातला बदल नक्की कशामुळे? पुष्कळदा धुळीच्या नावावर जे खपते ते त्या कोरड्या हवेचे काम असते.

अटलांटिकचे निष्कर्ष उचलून अरबी समुद्राला लावणे चूक ठरेल, आणि ते अनेक लेखांत होताना दिसते. आपल्याकडे धुळीची उगमस्थाने निराळी: अरबस्तानातले रब अल खाली, इराकचे तैग्रिस-युफ्रेटिस खोरे (जून-जुलैत तिथे शमाल हा वायव्य वारा सुटतो), इराण-अफगाण सीमेवरचे सिस्तान, मकरान किनारा, थर. पावसाळ्यात सोमालियाकडून येणारा खालच्या थरातला जोरकस वारा, ज्याचे सविस्तर वर्णन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केले, साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत तीव्र असतो. त्याच्या वर अरबस्तानातली गरम हवा येऊन बसते. सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते, त्यामुळे अरबी समुद्राच्या पश्चिम भागात विपरीतता पक्की आणि ढग बुटके. पूर्वेकडे, कारवार-गोव्याच्या बाजूला, पाणी उबदार असते, ही विपरीतता ढिली होत जाते आणि ढग उंच चढतात. कोरड्या हवेची जीभ पूर्वेपर्यंत सरकली की ते उंच चढणे थांबते. आपल्या भागातली जुलैमधली कोरडी, ढगाळ उघडीप पुष्कळदा अशी असते.

तरीही ‘अरबस्तानात धूळ, म्हणजे आपल्याकडे दुष्काळ’ असे म्हणता येत नाही. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेचर जिओसायन्समध्ये दाखवले की पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरची धूळ वातावरण तापवते, त्यामुळे नैऋत्य वारे जोर धरतात, जमिनीकडे बाष्प जास्त ओढले जाते आणि आठवडाभराच्या टप्प्यात मध्य भारतात पाऊस वाढतो. म्हणजे तीच धूळ समुद्रावर खालच्या ढगांना डांबून ठेवते आणि पुढे बाष्पाची वाटही मोकळी करते. यांतले काय, कुठे आणि किती दिवसांनी, हे आपल्या घाटाच्या अलीकडच्या पट्ट्यासाठी मोजूनच ठरेल. आणि एल निनोसारख्या मोठ्या कारणांपुढे धूळ लहानच. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, त्याचे खापर धुळीवर फोडणे अप्रामाणिक होईल.

आता कामाचे. ही ओळ लिहायला सल्लाकाराला आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे, आणि लागणारी सगळी साधने फुकट आहेत.

सुरुवात युरोपच्या कोपर्निकस वातावरण सेवेच्या धुळीच्या अंदाजाने करावी. तो दिवसातून दोनदा निघतो आणि पुढचे पाच दिवस दाखवतो. त्यात एकूण एओडी न घेता फक्त धुळीची एओडी घ्यावी. एओडी म्हणजे हवेतले कण सरळ येणारा प्रकाश किती अडवतात त्याचे माप. ती १ असेल तर डोक्यावरच्या सूर्याचा सरळ प्रकाश ३७ टक्केच खाली पोहोचतो. एकूण एओडी घेतली तर जुलैत हमखास फसगत होते, कारण त्या महिन्यात जोरदार वाऱ्याने समुद्राचे मीठच मोठ्या प्रमाणात हवेत उडालेले असते आणि नकाशा धुळीविनाही लाल दिसतो.

अंदाजात धूळ दिसली तर उपग्रहाच्या चित्रात ती खरोखर आहे का ते पाहावे. भारताचे हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआर आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सोडलेला इन्सॅट-३डीएस यांच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) पट्ट्यांपैकी दोन इथे कामाचे: १०.८ आणि १२ मायक्रॉन. पहिल्या पट्ट्यात दिसणाऱ्या तापमानातून दुसऱ्यातले तापमान वजा करावे. समजा एका ठिकाणी पहिले २९१.० केल्व्हिन आणि दुसरे २९२.४ आले, फरक उणे १.४, तर ती धूळ. विरळ सिरस (उंचावरच्या, बर्फकणांच्या) ढगात हाच फरक चांगला अधिक येतो, पाण्याच्या खालच्या ढगात थोडासा अधिक. पण पावसाळ्यात समुद्रावरची दमट हवा स्वतःच हा फरक अधिककडे ढकलते, त्यामुळे धूळ असूनही तो शून्याच्या आसपास थांबतो. ‘उणे नाही म्हणजे धूळ नाही’ ही चूक जून-जुलैतच होते. आजूबाजूच्या निरभ्र समुद्रापेक्षा तो किती खाली गेला ते पाहावे, नुसते चिन्ह पाहू नये.

इन्सॅटच्या या कॅमेऱ्यात ८.७ मायक्रॉनचा पट्टा नाही, म्हणून धुळीसाठी खास रंगवलेले चित्र त्यातून बनत नाही. त्यासाठी हिंदी महासागरावर ४५.५ अंश पूर्वेला असलेल्या मेटिओसॅट-९ चे धूळचित्र पाहावे; ते दर १५ मिनिटांनी येते. त्यात धूळ गुलाबी-किरमिजी दिसते आणि उंच दाट ढग गडद तांबडे. एकाच चित्रावर निर्णय घेऊ नये, तीन-चार तासांची मालिका फिरवून बघावी. धुळीची कड मऊ असते आणि ती वाऱ्याबरोबर सलग सरकते. स्तरराशी ढगांना जाळीसारखी वीण असते आणि दुपारी ती विरळ होते. दाट धुळीला संगणकाची छाननी कधी कधी ढगच समजते, त्यामुळे तयार ‘ढग आच्छादन’ नकाशातही धूळ ढग म्हणून मोजली गेलेली असू शकते. रात्रीच्या साध्या अवरक्त चित्रात उलट घडते: खालच्या ढगाचे तापमान समुद्राच्या जवळ असल्याने तो दिसतच नाही. रात्री ३.९ आणि १०.८ मायक्रॉनच्या फरकावरच भिस्त ठेवावी.

शेवटी गोव्याचा फुगा. पणजीहून फुग्याला बांधून सोडल्या जाणाऱ्या रेडिओसाँड या मापकयंत्राची पहाटेची नोंद सकाळी ५:३० ची असते, आणि आपल्याकडे येणारी हवा आधी तिथूनच जाते. ८५० आणि ७०० हेक्टापास्कल हवादाब, म्हणजे सुमारे १.५ आणि ३.१ किलोमीटर, या दोन पातळ्यांदरम्यान तापमान आणि दवबिंदू यांत १५ अंशांहून जास्त अंतर असेल तर कोरडी हवा घुसली आहे. स्थिरतेचे मापही लगेच काढता येते. ७०० हेक्टापास्कलला १० अंश सेल्सिअस असेल तर त्या हवेचे विभव तापमान (ती हवा १००० हेक्टापास्कल दाबाला आणली तर होईल ते तापमान) ३१३.६ केल्व्हिन येते. जमिनीलगत १००८ हेक्टापास्कल दाबाला २८ अंश असेल तर तिथले ३००.५. फरक १३.१. वरची हवा तीन अंशांनी तापून १३ वर गेली तर हाच फरक १६.४ होतो. क्लाइन आणि हार्टमन यांनी १९९३ मध्ये काढलेल्या नात्यात हा फरक एका अंशाने वाढला की खालच्या ढगांचे आच्छादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. ते नाते ऋतूंच्या सरासरीचे आणि थंड समुद्रांचे आहे. पणजीच्या एका सकाळीवर ते जसेच्या तसे लावू नये. पण फरक सलग दोन दिवस चढत असेल, वर कोरडी हवा असेल आणि तक्त्यात ७ ऑक्टा असेल, तर तो ७ बुटक्या ढगांचा आहे असे लिहायला पुरेसा आधार आहे.

याच्या जोडीला जमिनीवरचे एक तरी मोजमाप आपल्या जिल्ह्यात हवे. पुण्यात सूर्यप्रकाशमापक (सूर्याच्या सरळ प्रकाशावरून एओडी मोजणारे यंत्र) बसवलेला आहे, महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांची उच्चस्थ प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. आपल्या जिल्ह्यासाठी हातात धरायचे दोन सूर्यप्रकाशमापक, एक खानापुरात आणि एक अथणीत, ऑक्टोबर ते मे वापरता येतील. पावसाळ्यात सूर्यच दिसत नसल्याने त्यांचा उपयोग नाही, हे आधीच मान्य करून चालावे. तेव्हा उपग्रह आणि फुगाच. निरीक्षकाने एका मिनिटात पाच वेळा मोजावे आणि सर्वांत कमी एओडी आलेली वाचने ठेवावीत, कारण नेम चुकला किंवा विरळ सिरस आडवा आला तर आकडा वाढतोच, कमी होत नाही. हवेच्या रेणूंमुळे होणारे विखुरणे वजा करताना बेळगावची उंची धरायला विसरू नये: ५०० नॅनोमीटरला समुद्रसपाटीवर ते सुमारे ०.१४, आपल्या साडेसातशे मीटरवर ०.१३. यंत्राचे अंशशोधन (त्याची मापे नीट जुळवणे) इथल्या हिवाळी सकाळी करू नये. नोव्हेंबर ते एप्रिल उसाच्या फडांतले पाचट जळत असते, गुऱ्हाळे आणि कारखान्यांच्या चिमण्या चालू असतात, आणि सकाळी सात ते दहा हवा एकसारखी राहत नाही. वर्षातून एकदा यंत्र पुण्याला नेऊन तिथल्या मापकाशी पडताळावे.

धूर आणि धूळ ओळखण्याचा मार्ग दोन रंगांतल्या एओडीच्या तुलनेतून निघतो. त्यातून येणारा आँगस्ट्रम घातांक १.२ च्या वर असेल तर बारीक कण, म्हणजे पाचटाचा-वाहनांचा धूर, ०.५ च्या खाली असेल तर जाडसर कण. जाडसर म्हणजे परदेशी धूळच असे मात्र नव्हे. खानापूरची तांबडी माती, अथणीकडची काळी, खडीचे रस्ते, हेही जाडसरच. म्हणून अशा दिवशी १,५०० आणि ३,००० मीटर उंचीवरच्या हवेचा मागचा प्रवास १२० तासांपर्यंत काढून बघावा. तो मकरान किंवा ओमानकडे जात असेल आणि बेळगावच्या सांबरा विमानतळाची दृश्यमानता वारा नसतानाही दिवसभर घटलेली असेल, तरच दूरची धूळ म्हणावे. विमानतळाच्या नोंदीत धुरकट हवा आणि धूळ यांना वेगवेगळे संकेत आहेत, तेही तपासावेत.

कृत्रिम पावसाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण तिथे सार्वजनिक पैसा जातो. राज्याने २०१७ आणि २०१९ मध्ये ‘वर्षाधारी’ ही कृत्रिम पावसाची योजना राबवली, आणि उघडीप लांबली की ती मागणी आपल्या जिल्ह्यातून पुन्हा येते. सिल्व्हर आयोडाइड काम करते ते शून्याखाली साधारण ५ अंशांपासून पुढे गार झालेल्या, पण न गोठलेल्या थेंबांवर. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळीच पाच किलोमीटरच्या आसपास असते. झाकणाखाली दोन किलोमीटरवर अडकलेल्या ढगात ते फवारून काही होणार नाही. मिठाच्या नळकांड्या उबदार ढगासाठी असतात, पण त्यांनाही वर चढणारा, खोल ढग लागतो; सोलापुरात २०१८-१९ मध्ये झालेले प्रयोग अशाच उभ्या वाढणाऱ्या ढगांवर होते. ०.१ मिलिमीटर पाणी असलेल्या चादरीला कोणतेही रसायन खोली देऊ शकत नाही. शिवाय धूळ स्वतः बर्फाचे बीज आहे. तिच्यातले पोटॅशियम फेल्डस्पार हे खनिज उणे १५ अंशांच्या आसपासच थेंब गोठवू लागते, तर शुद्ध पाण्याचे थेंब उणे ३८ पर्यंत द्रव राहू शकतात. धूळ असलेल्या उंच ढगात बीज आधीच आहे. त्यात आणखी बीज टाकण्याआधी ते मोजायला हवे. म्हणून विमान उडवण्याच्या प्रत्येक दिवसाच्या निर्णयाबरोबर ढगमाथ्याची उंची, पणजीच्या फुग्याची नोंद आणि धुळीची एओडी हे तीन आकडे जाहीर करण्याची अट निविदेतच घालावी.

सल्ल्यातली ओळ कशी असावी याचा नमुना देतो:

‘ढग: ७ ऑक्टा, खालचे. समुद्रावर ७० पूर्व रेखांशापर्यंत धुळीचा थर, ढगांच्या वर. खानापूर पश्चिम भागात रिपरिप. बेळगाव, हुक्केरी, निपाणीत भुरभुर, ओल मुरण्याइतका पाऊस नाही. अथणी, कागवाड, रायबाग, गोकाकात ढगाळ पण कोरडे. सोयाबीन पेरणी व युरियाचा हप्ता पुढच्या सल्ल्यापर्यंत थांबवावा. ढग वर चढू लागल्यास शुक्रवारी कळवू.’

आणि धूळ ढगांच्या थरातच असेल त्या दिवशी: ‘ढग ७ वरून ३ ऑक्टावर येण्याची शक्यता, दुपारचे तापमान वाढेल, रोपवाटिकांना संध्याकाळी पाणी द्यावे.’ उंची ठरवता आली नाही तर तसेच लिहावे: ‘समुद्रावर धूळ आहे, उंची अनिश्चित, ढगांचा प्रकार उद्या कळवू.’ ही ओळ कन्नडबरोबर मराठीतही यावी, आणि वरुणमित्र या हवामानविषयक मदतवाणीवर फोन करणाऱ्याला त्याच्या भाषेत ऐकवली जावी. मराठी मसुदा तपासून देण्याचे काम आम्ही विनामोबदला करू.

ओळ सुरू केल्याच्या दिवसापासून ती जपून ठेवावी. जिल्ह्यात ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापके आहेत. प्रत्येक सल्ल्यानंतरच्या तीन दिवसांचा त्यांचा पाऊस या ओळीसमोर मांडावा. चारच रकाने लागतील: खालचा ढग सांगितला आणि २.५ मिलिमीटरहून कमी पडला. खालचा सांगितला आणि जास्त पडला. उंच चढलेला ढग सांगितला आणि जास्त पडला. उंच सांगितला आणि कमी पडला. घाटमाथा, मधला पट्टा आणि पूर्वेकडचा कोरडा पट्टा यांचे तक्ते वेगळे ठेवावेत, नाहीतर कणकुंबीची रिपरिप अथणीच्या चुका झाकून टाकेल. मे महिन्यातल्या पहिल्या मंगळवारच्या सल्ल्यापासून सुरुवात झाली तर सप्टेंबरअखेर पहिल्या मोसमाचे तक्ते हाती येतील, आणि ऑक्टोबरमध्ये ते तालुका कृषी कार्यालयांच्या फलकावर लावावेत अशी आमची विनंती आहे.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि अथणी भागातील हवामान अभ्यासक व विज्ञान-भूगोल शिक्षक